नानांचं खोरं आणि कलम अकरा

गावाकडून फोन आला की आधी पाऊसपाणी आणि मग बिबट्या, हा क्रम आमच्या घरात आता ठरूनच गेलाय. कुणाची शेळी नेली, कुणाच्या पडवीतला कुत्रा नेला, कुणाच्या उसात तोडणीच्या वेळी बछडी सापडली. मी पुण्यात बसून "हो का? अरे बाप रे" एवढं म्हणतो, फोन ठेवतो आणि निवांत कचरा टाकायला खाली उतरतो.

ज्यांना आमचं डिंगोरे माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्याण-नगर रस्त्यानं ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघालात की वाटेत लागतं. धबधबे बघायला जाताना तुम्ही ते बहुतेक गाडीत डुलक्या घेत ओलांडलेलं असतं.

परवा एका लग्नात आम्ही सगळी चुलत भावंडं जमलो होतो. जेवणं झाल्यावर नानांचा विषय निघाला आणि लक्षात आलं की ही गोष्ट आपण नीट कुठे लिहूनच ठेवलेली नाही. म्हणून हे.

साल २००२, थंडीचे दिवस. शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे उसाला पाणी द्यायचं तेही रात्रीच. नाना, म्हणजे माझे चुलते, अकराच्या सुमाराला हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन मळ्यात गेले. बरोबर आमचा कुत्रा. बांधाकडेला वाकून दारं धरत असताना कुत्रा एकदम त्यांच्या पायात घुसला आणि उसातून काहीतरी बाहेर आलं. नाना सांगायचे, "मला वाटलं वारं सुटलं." झेप कुत्र्यावर होती की नानांवर, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. खांद्यावर पंजा बसला, नाना पडले आणि पडल्या पडल्या त्यांनी खोरं फिरवलं. एकदा नाही, दोनदा. दुसरा घाव लागल्याचं हाताला कळलं. जनावर गुरगुरत परत उसात गेलं.

घरी आल्यावर काकूनं जखमेत हळद दाबली, सकाळी दवाखान्यात नेलं. तिथं नानांनी सांगितलं, तारेच्या कुंपणात अडकलो. आणि त्याच संध्याकाळी मला फोन.

"तुझ्या ओळखीचा कुणी वकील हाय का रं?"

"का? काय झालं नाना?"

"म्या त्याला मारलंय. उसात जाऊन मेलं असलं, तर मला आत टाकतील का?"

खांद्याला टाके पडलेला माणूस, आणि त्याला काळजी ही. मी तेव्हा शिकला-सवरलेला, शहरात नोकरी करणारा पुतण्या. मी काय सांगितलं असेल? "नाना, कुणाजवळ काही बोलू नका. गप्प बसा." झालं. नाना गप्प बसले. वनखात्याला कळवलं नाही, पंचनामा नाही, भरपाईचा अर्ज नाही. उसात दोन दिवस कुणी पाऊल टाकलं नाही. जनावर मेलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरची शेळी मारली गेली. तोच होता की दुसरा, कोण सांगणार?

पुढचा भाग घरात फारसा कुणी सांगत नाही. अर्धवट खाल्लेली शेळी बांधावर पडली होती. माणसं जमली. बिबट्या उरलेलं खायला रात्री परत येतो, हे सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी पिकावर टाकायचं औषध आणलं आणि शेळीला चोळलं. नाना तिथं उभे होते, हात गळ्यात बांधलेला. ते काही बोलले नाहीत. सकाळी दोन कुत्री आणि काही कावळे मरून पडले होते. बिबट्या आलाच नव्हता. त्याबद्दल मला कुणी फोन केला नाही, कुणी वकीलही विचारला नाही.

या दोन घटनांमध्ये जो फरक आहे, त्याबद्दल मला लिहायचंय.

जनावरापासून स्वतःला वाचवायचा हक्क माणसाला आहे की नाही, हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्याकडे गावोगाव देवळाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ असतात. बहुतेक लढाईत पडलेल्यांचे किंवा गाईगुरं सोडवताना मेलेल्यांचे. पण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात वाघाशी झुंजताना मेलेल्यांचेही आहेत. म्हणजे गुरांसाठी जीव देणाऱ्याचा गावानं दगड उभा केला. स्वतःचा जीव आणि गोठ्यातला जीव यांत तेव्हाच्या माणसानं फार फरक केलेला दिसत नाही.

कौटिल्याचं अर्थशास्त्र त्याहून रोखठोक आहे. पूर, आग, रोगराई, उंदीर यांच्याप्रमाणेच हिंस्र जनावरं हेही तिथं राज्यावरचं एक संकट मानलंय, आणि उपायांत चक्क जनावरांच्या मढ्यांत विषारी रस भरून ती पसरून ठेवायला सांगितलंय. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बांधावरची शेळी आठवली. दोन हजार वर्षांत कृती तीच. मात्र कौटिल्याच्या पुस्तकात हे काम राजाच्या व्यवस्थेनं करायचं आहे.

इंग्रज आले आणि त्यांनी याचा हिशेब मांडला. वाघाला इतके, बिबट्याला इतके, लांडग्याला इतके, असे सरकारी इनामाचे दर असत. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी आकड्यांवरून जो अंदाज दिलाय त्यानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. त्या काळात नानांनी खोरं फिरवलं असतं आणि बिबट्या मेला असता, तर ते कातडं घेऊन कचेरीत गेले असते आणि पैसे घेऊन आले असते.

आता याच काळातली एक गंमत बघा. लॉर्ड मेकॉले यांच्या आयोगानं १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला. त्यात खासगी संरक्षणाचा हक्क, म्हणजे स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव नि मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क, बराच ऐसपैस ठेवला. कारण त्यांच्या मते इथली माणसं फार मुकाट्यानं सोसतात, त्यांना जरा उभं राहायला शिकवलं पाहिजे. हा कायदा १८६० साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. आणि पुढे १८७८ साली याच सरकारनं शस्त्र कायदा आणून परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. म्हणजे हक्क पुस्तकात आणि बंदूक साहेबाच्या बंगल्यात. उभे राहा म्हणाले, पण काय घेऊन? तर खोरं घेऊन.

दंडसंहितेतली ती कलमं ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ती ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, गाभा तोच आहे. तो साध्या भाषेत सांगायचा तर असा. धोक्याची खरीखुरी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, आणि ती भीती असेतोवरच टिकतो. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही. वाचण्यासाठी लागेल तेवढंच बळ वापरायचं, त्याहून जास्त नाही. मात्र जीवच घ्यायला कुणी अंगावर आला तर त्याचा जीव जाईपर्यंतही हा हक्क जातो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याची तत्त्वं ओळीनं मांडून दिलीत. त्यात एक फार माणुसकीचं आहे: अंगावर आलेल्या माणसानं किती जोरानं मारायचं हे सोन्याच्या तराजूत तोलून बघू नये. चोर पळून गेल्यावर त्याच्या घरी जाऊन मारलं तर मात्र तो बचाव नाही, तो सूड.

पण हे सगळं माणसानं माणसावर केलेल्या हल्ल्याबद्दल. बिबट्या गुन्हा करत नाही, त्याला गुन्हा कळतच नाही. त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. इनामं संपली आणि शिकार हाच गुन्हा झाला. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग आणि दंड. हे गावात सगळ्यांना ठाऊक. "वाघरू मारलं तर माणूस मारल्यापेक्षा वाईट," असं आमच्याकडे सर्रास म्हणतात.

आता ठाऊक नसलेली गोष्ट. त्याच कायद्याच्या कलम ११ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही बचावासाठी सद्भावनेनं वन्य प्राण्याला ठार केलं किंवा जखमी केलं, तर तो गुन्हा नाही. अट एकच: त्या वेळी तुम्ही स्वतः या कायद्याविरुद्ध काही करत नसाल. फासे लावायला गेलात आणि जनावर अंगावर आलं, तर ही सवलत नाही. आणि असा मेलेला प्राणी सरकारच्या मालकीचा, कातडं-नखं घरी न्यायची नाहीत.

म्हणजे नाना पहिल्या मिनिटापासून निर्दोष होते. रात्री स्वतःच्या उसाला पाणी देत होते, जनावर अंगावर आलं, हातात होतं ते फिरवलं. जनावर मेलं असतं तरी निर्दोष. कुंपणात अडकलो म्हणायची गरज नव्हती. हे कलम तेव्हा तीस वर्षांचं झालं होतं. आणि मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

पण शेळीचं काय? इथं कायदा वीरगळाच्या दगडापासून वेगळा होतो. माणसा-माणसांच्या कायद्यात मालमत्तेचंही रक्षण करता येतं. वन्यजीव कायद्याच्या या पोटकलमात मात्र फक्त माणूस आहे. गोठ्यातली शेळी नाही, दावणीची कालवड नाही. त्यासाठी भरपाई आहे. ज्याची शेळी म्हणजे पोराची फी असते त्याला ही भरपाई म्हणजे अर्ज, फोटो, पंचनामा आणि वाट बघणं. त्याचा राग मला समजतो. तरी बांधावर विष चोळलेली शेळी म्हणजे बचाव नव्हे, हेही तितकंच खरं. त्या वेळी कुणाच्याच अंगावर काही येत नव्हतं. आणि मेली कोण, तर कुत्री आणि कावळे.

पंजा अंगावर असताना उचललेला हात माफ आहे. आधी आणि नंतर उचललेला नाही. आमच्या घरात आणि गावात नेमकं उलटं झालं. जे माफ होतं ते आम्ही चोरासारखं लपवलं, आणि जो गुन्हा होता तो न्याय समजून चारचौघांत केला.

"आधी" बद्दलही थोडं सांगायला हवं, कारण जनावरानं काही करायच्या आधीच बंदोबस्त करा, असं आपण सगळेच म्हणतो. माझ्या लहानपणी इतके बिबटे नव्हते असं गावात म्हणतात. पण इतका ऊसही नव्हता. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगा. पाणी आलं, ऊस आला. बिबट्याला उसात बारा महिने आडोसा, पाणी, आणि वस्तीवर कुत्री नि शेळ्या. तो काही पाहुणा राहिला नाही, उसातच जन्मलेला गाववाला झाला. २००१ नंतर जुन्नर वनविभागात दिसतील ते बिबटे पिंजऱ्यात धरून दूर जंगलात सोडायचा सपाटा लागला. हेतू चांगलाच होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. धरून हलवलेले बिबटे २९. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते नंतर सतरावर गेले. जिथं नेऊन सोडले त्या भागातही हल्ले वाढले. घरापासून तोडलेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात काय करणार? टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत सापडलेला 'आजोबा' २००९ मध्ये माळशेजला सोडला, म्हणजे आमच्याच गावावरून गाडीतून गेला असणार, आणि तो चालत चालत मुंबईजवळ पोहोचला. त्यानं कुणाला काही केलं नाही, हे त्याचं आणि आपलं नशीब.

नानांची रात्र याच सपाट्याच्या दिवसांतली. त्यांच्या अंगावर आलेला बिबट्या कुठून आणून सोडलेला होता की आमच्याच उसातला, हे कळायला काही मार्ग नाही.

२००३ पासून कायद्यात आणखी एक गोष्ट आली. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला बिबट्या मारायचा हुकूम राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच, आणि कारणं लिहून. म्हणजे "आधी" आणि "नंतर" हे दोन्ही काळ राज्याकडे, आणि मधला क्षण तेवढा आपल्याकडे.

हे लिहायला सोपं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीनेक आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यात पाच वर्षांची मुलगी होती आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याच्या गाड्या जळाल्या, आणि अखेर एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. तिथल्या आईला मी कलम वाचून दाखवू? तिच्या लेकरापाशी तो क्षण आला तेव्हा खोरं घेऊन कुणी नव्हतंच. बचावाचा हक्क ज्याला उचलता येतो त्याचा. पाच वर्षांच्या पोरीला तो कसा उचलता येणार? तिच्या बाबतीत "आधी" हाच एक काळ उरतो, आणि तो राज्यानं आपल्याकडे घेतलाय. मग दिवसाची लाईट, वस्तीजवळचा उजेड, वेळेवर पिंजरा आणि वेळेवर भरपाई हे उपकार नव्हेत. आपण हात खाली ठेवला त्याचा तो मोबदला आहे. तो मिळत नाही तेव्हा बांधावर औषधाची पुडी येते.

त्याच परिसरातल्या बायकांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेले, आपण कुत्र्याला घालतो तसे. बघवत नाही. पण कुणावरही हात न उचलता केलेला बचाव म्हणाल, तर तोच.

ऑगस्ट २०१४ मध्ये उत्तराखंडातल्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात एका बाईनं शेतात अंगावर आलेल्या बिबट्याला विळ्यानं झुंजून मारलं. ती बातमी वाचून मी पहिल्यांदा कायदा काढून बघितला. बारा वर्षांनी! दिवाळीत गावी गेलो तेव्हा वसुबारस होती. आमच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत त्याच दिवशी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात: तू तुझ्या जागी राहा, आम्ही आमच्या. ओट्यावर बसून नानांना मी ते पोटकलम मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "मेलं असतं तरी?" मी म्हटलं, हो नाना, मेलं असतं तरी.

बराच वेळ ते सदऱ्यावरून खांदा चोळत बसले. मग म्हणाले, "म्हंजी बारा वर्सं मी उगाच भ्यालो."

मी काय बोलणार? तो सल्ला माझाच होता. तेवढ्यात ते स्वतःशीच म्हणाले, "आन् त्या शेळीपाशी भ्यायला पायजे व्हतं, तिथं नाय भ्यालो."

नाना जाऊन आता काही वर्षं झाली. खोरं अजून गोठ्यात आहे, दांडा बदललेला. घरातली मंडळी हे वाचतील त्यांना एवढीच विनंती. पोरांना बिबट्याची भीती घालताच आहात, ती घाला. रात्री एकटं सोडू नका. पण कलम अकराही सांगून ठेवा, दोन्ही बाजूंनी. अंगावर आलं तर मारा, आणि मारलं तर लपवू नका, कळवा. अंगावर आलेलं नसेल, तर ती पुडी घरीच राहू द्या.